देव्हाऱ्यातला घोडा आणि ताटातला

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका बावीस वर्षांची आहे. कझाकस्तानात, अल्माटीला, डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला शिकते. घर पुणे जिल्ह्यातलं, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, देव्हाऱ्यात घोड्यावर बसलेल्या देवाचा चांदीचा टाक. घरी मटण, चिकन, मासे सगळं चालतं. वर्गातल्या एका कझाक मैत्रिणीने डिसेंबरात आजी-आजोबांच्या गावी जेवायला बोलावलंय. हिवाळ्यासाठी घोडा कापतात तेव्हाचं हे जेवण, दहा-बारा माणसं असतील. फ्लॅटवरच्या दोघी मराठी मैत्रिणीही जाणार आहेत. त्यातली एक शाकाहारी. ती म्हणते, 'घोडा? शी! खाणार असशील तर माझ्या शेजारी बसू नकोस.' दुसरी म्हणते, 'इतक्या लांब येऊन मटणच खायचं होतं तर घरी काय वाईट होतं?' आणि ती रील काढणार आहे. पत्रलेखिकेला चव घेऊन बघावीशी वाटते, पण टाकावरचा घोडा डोळ्यांपुढे येतो. ती विचारते: नाही म्हटलं तर यजमानांचा अपमान होईल का? खाल्लं तर देवाचं काही चुकेल का? आणि आईला सांगायचं का?

उत्तर:

तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे, पण ज्यांच्या घरी जेवायला जायचंय ती माणसं त्यात एकाच वाक्यात येतात: 'ती फार आग्रहाने बोलावतेय.' बाकीचं पत्र फ्लॅटवरच्या दोघींनी, गावाकडच्या माणसांनी आणि रीलने भरलंय. तुला धाक आहे तो आपल्याच माणसांचा. अपमानाचा प्रश्न तू यजमानांच्या नावावर टाकलायस खरा, पण तो तिथला नसावा असं मला वाटतं.

तरी त्याचं उत्तर आधी देते. हिवाळ्याच्या तोंडाशी, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, कझाक घरांमध्ये थंडीची बेगमी म्हणून मोठं जनावर कापतात, बहुधा घोडा. याला ते सोगिम म्हणतात. फ्रीज नव्हते तेव्हा बाहेरची थंडीच फ्रीजचं काम करायची. मांस खारवायचं, धुरी द्यायची, आतड्यांत भरायचं आणि वसंतापर्यंत पुरवायचं. मात्र कापल्यानंतरचं पहिलं जेवण एकट्याने जेवायचं नाही, शेजारीपाजारी आणि सोयरेधायरे बोलवायचे. त्या जेवणाला तुला बोलावलंय. कॉलेजच्या कँटीनमध्ये 'चल, काहीतरी खाऊ' म्हणतात त्यातलं हे बोलावणं नाही. आजीने नातीच्या परदेशी मैत्रिणींना घरच्यांत धरलंय.

त्या जेवणाच्या परातीमागे आणखी एक गोष्ट आहे, ती तुला ठाऊक असावी. १९३० ते १९३३ या काळात कझाकस्तानात भीषण दुष्काळ पडला. सोव्हिएत सरकारने भटक्या पशुपालकांची जनावरं सक्तीने सामूहिक शेतीत ओढली होती. सुमारे पंधरा लाख माणसं मेली आणि बहुतेक कळप नाहीसे झाले. तुझ्या मैत्रिणीच्या आजीच्या आईवडिलांनी तो काळ पाहिला असेल. पाहुण्यापुढे भरली परात ठेवताना त्या घरात काय वाटत असेल याचा अंदाज यावरून कर. म्हातारी 'घे, अजून घे' म्हणेल, पुन्हापुन्हा म्हणेल. तो आग्रह आहे, तुझी परीक्षा चाललेली नाही. आणि आग्रहाला हसून 'पोट भरलं' म्हणायचं कसं, हे मराठी मुलीला शिकवायला नको.

खरं तर नको म्हणायची सोय त्यांच्याच रीतीत आहे. घाईत असलेला पाहुणा दारातूनच परत निघाला, तर त्याला रोटीचा एक तुकडा तरी मोडून तोंडात घालायला लावतात. 'आउझ तियू' म्हणतात याला. घरातलं अन्न तोंडाला लागलं की मान राखला गेला. मांस येण्याच्या कितीतरी आधी दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी मांडलेली बैठक, भरलेलं असतं: बाऊरसाक म्हणजे पिठाचे तळलेले फुगीर गोळे, सुकामेवा, जॅम, लोणी, सॅलड आणि दुधाचा चहा. चहा बिनकानाच्या वाट्यांतून देतात आणि मुद्दाम थोडा थोडाच ओततात, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा. काठोकाठ भरलेली वाटी आली तर 'आता निघा' असा अर्थ घ्यायचा, असं तिथले लोक हसत सांगतात. तू हे सगळं मनापासून खाल्लंस, चहा पुन्हापुन्हा मागून घेतलास, तर एक मांस खाल्लं नाहीस म्हणून कोणी रुसणार नाही.

रुसतील ते वेगळ्याच गोष्टींवर. परात आली की नाक मुरडणं. आपापसांत मराठीत खुसखुसणं. भाषा कळली नाही तरी चेहरा कळतो. तुकडा तोंडात घालून मग रुमालात काढणं. आणि ज्यांनी हा घोडा वाढवला त्या आजोबांसमोर 'बिचारा' म्हणून उसासा टाकणं. म्हणून फ्लॅटवरच्या पहिलीला निघण्याआधीच नीट सांग, की तुझं 'शी' इथेच ठेवून चल.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले: 'आपण घोड्याची पूजा करतो आणि त्यांना त्याचं काहीच नाही.' हे तू त्या घरात जाण्याआधीच ठरवून टाकलंयस. उत्तर कझाकस्तानात बोताय नावाची जागा आहे. तिथे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत सापडलेली हाडं बहुतांश घोड्याची आहेत, आणि मडक्यांच्या खापरांत घोडीच्या दुधाचे अंश सापडल्याचं काही संशोधक सांगतात. त्या माळरानावर माणूस घोड्यावर बसून हिंडला, त्याचं दूध प्यायला, त्याच्या कातड्याच्या वस्तू वापरल्या, केसांचे दोर वळले आणि त्याचं मांस खाल्लं. लहान मुलाला पहिल्यांदा घोड्यावर बसवतात त्याचाही तिथे सोहळा असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीला ते बैगा म्हणतात, आणि ती बघायला म्हातारीकोतारीही येतात. शर्यतीचा, रोजच्या स्वारीचा घोडा निराळा आणि मांसासाठी कळपात राखलेला निराळा, हा फरक त्यांच्या मनात पक्का असतो. आजोबांना त्यांच्या घोड्यांबद्दल विचारून बघ. माझी खात्री आहे, त्यांना बोलतं करायला तेवढा एक प्रश्न पुरेल, आणि तुझ्या ताटात काय आहे याकडे मग कोणाचं लक्षही राहणार नाही.

म्हणून तू खावंस असं मात्र यातून निघत नाही. त्यांचं प्रेम खरं आहे, तसं तुझं न खाणंही खरं असू शकतं. काय खायचं आणि काय नाही, ही यादी ज्याने त्याने आपल्या जागी आखलेली आहे. आठव्या शतकात, ७३२ साली, पोप तिसरा ग्रेगरी याने जर्मन मुलखात काम करणाऱ्या बोनिफेस या धर्मप्रचारकाला पत्र लिहून घोड्याचं मांस खाण्याची प्रथा बंद करायला सांगितलं होतं. फ्रान्समध्ये १८६६ साली घोड्याच्या मांसाची दुकानं कायदेशीर झाली आणि आजही तिथे अशी थोडी दुकानं आहेत. मधली चिंचोळी खाडी ओलांडून इंग्लंडात गेलं की लोक अंगावर काटा आल्यासारखं करतात. २०१३ मध्ये तिथल्या सुपरमार्केटांत गोमांस म्हणून विकलेल्या तयार जेवणांत घोड्याचं मांस निघालं तेव्हा देशभर गदारोळ उठला. फसवणूक तर झालीच होती, पण घोड्याऐवजी मेंढीचं मांस निघालं असतं तर एवढा ओरडा झाला नसता. आणि तुझ्या यजमानांच्या घरी डुकराचं मांस शिजण्याची शक्यता फार कमी. तेव्हा 'मी हे खात नाही' हे वाक्य त्या घराला अजिबात अनोळखी नाही.

आता देवाचं. मी पुरोहित नाही, आणि घोड्याचं मांस खाण्याबद्दल कुठल्या पोथीत काय लिहिलंय ते शोधायला तुला लावणारही नाही. खंडोबाच्या कथेत मणी दैत्य शरण येतो तेव्हा आपला पांढरा घोडा देवाला देतो, आणि पुढे तो घोडा देवाखाली कायमचा राहतो. ज्या घरात रोज सकाळी त्या टाकावर पाणी आणि भंडारा पडताना तू पाहिलायस, त्या घरातल्या मुलीला वाढलेल्या मांसात तो घोडा दिसला तर त्यात अंधश्रद्धा कसली आणि मागासपणा कसला? जेजुरीला बोकडाचं जेवण घालणारी घरं आहेत. त्यामुळे मांस आणि देव यांचं वाकडं आहे असंही तू लहानपणापासून मानलेलं नाहीस. तुझा प्रश्न अगदी नेमका आहे, तो एका जनावरापुरता आहे. त्याला तर्काने हरवायची गरज नाही. 'माझ्या मनाला पटत नाही' एवढं कारण जगात कुठेही पुरतं.

उलट बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगते. तू घास खाल्लास तर देव कोपेल असं मला वाटत नाही. तुझी उत्सुकता हे काही पाप नाही. तू मुंडी आणि वजडी आवडीने खाणाऱ्या घरातली आहेस, तुला जिभेचं कुतूहल असणारच. फक्त ते कुतूहल तुझंच आहे ना, एवढं तपासून घे. 'इतक्या लांब येऊन मटणच खायचं होतं तर...' या टोमण्याचं उत्तर म्हणून खाणार असशील, तर तो घास त्या मैत्रिणीसाठी असेल. आपल्या पिढीत पूर्वी उलटा धाक होता: अमुक खाल्लं तर लोक काय म्हणतील. आता 'खाल्लं नाही तर लोक काय म्हणतील' असाही सुरू झालाय. दोन्हींत लोक तेच.

एक सोपी गोष्ट आधी बघून घे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचं षड्रात्र असतं, आणि ते बहुतेक वर्षी नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर या काळात येतं, म्हणजे ऐन सोगिमच्या दिवसांत. तुमच्या घरी त्या सहा दिवसांत मांसाहार होत नसेल आणि जेवणाची तारीख त्यातच पडली, तर विचार करायचंच काही उरत नाही. मैत्रिणीला सांगायचं, 'या सहा दिवसांत आमच्या देवाचा उपास-नेम असतो, मी मांस खात नाही.' तिच्याही घरात रमजान कोणी ना कोणी पाळत असेल. हे तिला चटकन कळेल, आजीला तर त्याहून चटकन.

तारीख बाहेर पडली तर निर्णय तुझा. तो परातीसमोर बसून घेऊ नकोस, दोन-चार दिवस आधी घे. आणि दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी मैत्रिणीला आधी सांग, फोनवर नाही तर कॉलेजमध्ये समोरासमोर. न खाण्याचं ठरलं तर असं काहीतरी म्हण: 'आमच्या देवाचं वाहन घोडा आहे, म्हणून मी त्याचं मांस खात नाही. पण मला यायचंय, आणि बाकी सगळं खायचंय.' मैत्रीण आजीच्या कानावर घालेल, आजी बहुधा तुझ्यासाठी वेगळं मेंढीचं किंवा कोंबडीचं काहीतरी करेल, आणि परात पुढे आल्यावर कोणाला खुलासा द्यावा लागणार नाही. ऐन पंगतीत तीन भाषांत नकार समजावत बसण्याची वेळ येते तेव्हाच सगळ्यांना अवघड होतं. कझाक लोक स्वतःच गमतीने सांगतात, की मांस खाण्यात लांडगे पहिले आणि आम्ही दुसरे. तेव्हा थट्टा होईल, ती हसून घे.

खायचं ठरलं तर पुढचं वाच.

एखाद्या रविवारी अल्माटीच्या ग्रीन बाजारात जाऊन ये. मांसाच्या मोठ्या दालनात प्रत्येक जनावराचा भाग वेगळा असतो. घोड्याच्या भागात काझी टांगलेल्या किंवा रचून ठेवलेल्या दिसतील: बरगडीचं मांस चरबीसकट लांब कापून, मीठ-मिरी-लसूण चोळून, स्वच्छ केलेल्या आतड्यात भरलेलं. रंग मटणापेक्षा गडद, जवळजवळ काळपट लाल. चरबी पिवळसर. नजरेची भीती तिथेच मोडू दे, लोकांच्या घरात नको. तिथे उभं राहून पोटात ढवळलं तर तेही उत्तरच समज आणि मैत्रिणीला तसं कळव.

जेवणात मुख्य पदार्थ बेशबरमाक. भली मोठी परात, तळाशी पोळीएवढ्या पातळ लाटलेल्या पिठाचे उकडलेले चौकोन, त्यावर तासन् तास शिजवलेलं मांस, काझीच्या जाड चकत्या आणि वरून कांद्याचा गरम रस्सा. कधी बटाटेही असतात. मसाला म्हणशील तर मीठ आणि मिरी, संपलं. माझा अंदाज असा, की तुला घोडा नडणार नाही, मसाल्याची गैरहजेरी नडेल. काळ्या मसाल्याच्या रश्शात वाढलेल्या जिभेला नुसत्या उकडलेल्या मांसाचा वास अंगावर येतो, मग ते बोकडाचं का असेना. म्हणून पहिला घास काझीचा घेऊ नकोस, तिच्यात चरबी पुष्कळ. आधी बिनचरबीचा लहान तुकडा घे, पिठाच्या चौकोनात गुंडाळ, वर शिजलेला कांदा ठेव आणि खा. चव किंचित गोडसर लागेल. या मांसात ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, जास्त असतं, त्यामुळे तसं होतं. ते आवडलं तर काझीची एक चकती. गरम असतानाच खा. घोड्याची चरबी मेंढीच्या चरबीइतकी लवकर थिजत नाही, तरी गार झालेली कुठलीही चरबी पहिल्यांदा खाणाऱ्याला सोसत नाही. त्यावर थंड पाणी न पिता चहा प्यायचा, हे तिथलं म्हातारं-कोतारं कोणीही तुला सांगेल.

सोगिमच्या दिवशी कुइरदाकही असण्याची शक्यता आहे: काळीज, हृदय, फुप्फुस असं आतलं सगळं बारीक कापून कांद्यात परतलेलं, बरोबर बटाटे. वजडी खाणाऱ्या मुलीला हेच सगळ्यात जवळचं वाटेल, पण तेही घोड्याचंच असणार. तुझ्या ठरवण्यात ते बसतं का बघ.

डॉक्टर होणार आहेस म्हणून एवढं लिहिते. फ्रान्स आणि इटलीत १९७५ नंतर घोड्याच्या मांसातून ट्रायकिनेला या परजीवी जंताच्या साथी आल्या होत्या, त्या कच्चं किंवा अर्धकच्चं मांस खाल्ल्यामुळे. बेशबरमाकचं मांस दीड-दोन तास किंवा जास्तच उकळलेलं असतं, तिथे ही काळजी नको. धुरावलेला, न शिजवलेला तुकडा कोणी कौतुकाने पुढे केला तर तो मात्र टाळ. कुमिस म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध. ते जास्त करून उन्हाळ्यातलं पेय, पण समोर आलं तर त्यात थोडा मद्यार्क असतो आणि सवय नसलेलं पोट बिघडू शकतं, एवढं लक्षात ठेव.

मेंढ्याचं डोकं पाहुण्यापुढे ठेवतात, हेही तू कुठेतरी पाहून घाबरली आहेस. ते मान्यवर, वयस्क पाहुण्यासाठी असतं, आणि ज्याचे वडील हयात आहेत त्याने ते कापायला घेऊ नये अशी रूढी आहे. तुझा नंबर लागणार नाही. झालंच तर एखादा कान कापून तरण्या मुलांना देतात. तो आला तर हातात घे, आभार मान, पुढचं पुढे.

जेवणाच्या शेवटी वडीलधारं कोणीतरी हात पसरून बाता म्हणजे आशीर्वाद देईल, मग सगळे चेहऱ्यावरून हात फिरवतील. त्या वेळी बोलायचं नाही, उठायचं नाही. आणि पाहुण्यांपैकी प्रत्येकाला दोन शब्द बोलायला लावतात. तयारी करून जा. आजीला उद्देशून चार ओळी, मैत्रिणीकडून कझाकमध्ये लिहून घेऊन, पाठ करून. ते ऐकून म्हातारीचा चेहरा कसा होतो बघ; तुझ्या ताटात काय उरलंय ते ती विसरेल. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चांगला चहा न्या. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत, कारण सम संख्येतली तिकडे मयताला नेतात.

आता रील. याबाबतीत मी दुसरं मत द्यायला तयार नाही: फोन पिशवीत. लोकांच्या घरचं वर्षाचं अन्न हा तुमच्या फॉलोअर्ससाठी 'बघा, काय खाल्लं' असा मसाला नाही. आणि तुझ्यापुरता हिशेबही साधा आहे. आईला काय सांगायचं हे तू ठरवेपर्यंत ती चित्रफीत मामेभावाच्या मोबाइलवर पोहोचलेली असेल. मैत्रीण ऐकत नसेल तर तुझा चेहरा घ्यायचा नाही, एवढं तरी तिच्याकडून कबूल करून घे, तेही निघण्याआधी.

आईला सांगायचं का? चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीने ताटातल्या प्रत्येक घासाचा अहवाल घरी पाठवावा असं मी मानत नाही. पण तुझ्या पत्रात तू आईबद्दल जे लिहिलंयस त्यावरून ती आरडाओरडा करणारी वाटत नाही, विचारणारी वाटते. तिला जेवणाआधी फोन कर. 'घोडा खाऊ का?' असं नको विचारूस, ती तिकडून 'नको' म्हणेल आणि मग तू अडकशील. 'अशा अशा घरी जेवायला चाललेय, तिथे घोडा शिजतो' एवढं सांग आणि ती काय बोलते ते ऐक. कदाचित ती म्हणेल, 'आपल्याकडे नाही चालत बाई.' कदाचित तिला आधी त्या आजीबद्दलच ऐकायचं असेल. नंतर तिने सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस. न विचारता सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ.

हे उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. हेलसिंकीत ऑफिसच्या डिसेंबरच्या जेवणात रेनडिअर पुढे येतो, पेरूत गिनीपिग, ऑस्ट्रेलियात कांगारू. विचार करायची रीत सगळीकडे हीच: आधी विचारा काय आहे, आधी कळवा काय चालत नाही, आणि खायचं तर लहान तुकड्याने सुरुवात करा. पण एका ठिकाणी हे सगळं लागू होत नाही आणि ते ठिकाण आपल्या घराजवळ आहे. शेतावरच्या पार्टीत कोणी डोळे मिचकावत 'आज खास मटण आहे' म्हणतो, आणि ते घोरपडीचं, मोराचं किंवा साळिंदराचं निघतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली हा गुन्हा आहे. घोरपड आणि मोर तर पहिल्या अनुसूचीत आहेत, तुरुंगवासाची तरतूद आहे. तिथे यजमानाचं मन राखायचा प्रश्नच येत नाही. उठायचं आणि निघायचं.

शेवटी तुझ्या त्या शाकाहारी मैत्रिणीबद्दल. ती तुला शी म्हणाली म्हणून तू चिडली आहेस, पण त्या घरात खरी पंचाईत तिची होणार आहे. बेशबरमाकचे पिठाचे चौकोन मांसाच्याच पाण्यात उकडतात, त्यामुळे 'मी फक्त खालचं पीठ खाईन' हे चालणार नाही. वाटीतून येणारा सोरपा म्हणजे मांसाचं पाणीच. बाऊरसाक बहुतेक घरी तेलात तळतात, पण काही ठिकाणी चरबीतही, ते मैत्रिणीकडून आधी विचारून घ्या. सॅलडमध्येही मांसाचे किंवा काझीचे तुकडे असू शकतात. रोटी, लोणी, जॅम, सुकामेवा, चहा एवढं तिला बिनघोर खाता येईल. घरून निघताना तिने पोटभर खाऊन निघावं, आणि पिशवीत तुम्ही थोडा चिवडा टाका.